३.६ मीटर भिंतीवर आयोवातलं गाव, १९७५: एचओ मॉडेल रेल्वेच्या शंटिंग लेआउटसाठी सल्ला हवा

फलाट क्र. ३

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या फ्लॅटमधली एक भिंत लेआउटसाठी मंजूर झाली आहे. लांबी ३.६ मीटर, रुंदी जास्तीत जास्त ४५ सेंमी. याच्यापुढे एक बोटही मिळणार नाही, घरात तशी बोलणी झाली आहेत.

स्केल एचओ, म्हणजे खऱ्याच्या १/८७. विषय शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नची आयोवातली शाखा, गाव काल्पनिक, साल १९७५, मक्याची काढणी चालू. ईएमडीचं एक जीपी७ डिझेल इंजिन, चाळीस फुटी बॉक्सकार (बंद वाघिणी), एक-दोन कव्हर्ड हॉपर (सुट्या मालाच्या झाकलेल्या वाघिणी) आणि शेवटी कबूस, म्हणजे गार्डचा डबा. गाडी गोल फिरवायची नाही, फक्त शंटिंग करायचं आहे.

कागदावर नऊ सांधे (एका रुळाचे दोन होतात ते पॉइंट) बसवले आहेत: ग्रेन एलेव्हेटर (धान्याचं उंच कोठार), खताचं गोदाम, लाकडाची वखार, टीम ट्रॅक (कोणीही माल चढवायचा-उतरवायचा रूळ), डिझेलचा डेपो. प्रश्न असे:

१. एवढ्या जागेत हे चालेल का? सांधे नंबर ४ चे घ्यावेत की नंबर ६ चे (नंबर मोठा तितका सांधा लांब आणि वळण सौम्य)?
२. डीसीसीच (रुळातून इंजिनाला डिजिटल हुकूम द्यायची पद्धत) वापरायचं आहे. वायरिंग किती जाड, फीडर (मुख्य वायरीपासून रुळाला जाणाऱ्या बारीक वायरी) किती अंतरावर?
३. वाघिणी वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. त्या एकत्र नीट चालण्यासाठी आधी काय तपासावं?
४. खेळायचं कसं? म्हणजे कुठली वाघीण कुठे न्यायची हे ठरवायची पद्धत काय?

---

सांधेवाला

नऊ सांधे बसतील, पण त्यांच्यामध्ये वाघिणी उभ्या करायला जागा उरणार नाही. ॲटलस कंपनीचा कोड ८३ मधला (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) नंबर ४ चा सांधा २३ सेंमी लांब असतो. नऊ गुणिले तेवीस म्हणजे दोन मीटरहून जास्त लांबी नुसत्या सांध्यांत गेली, आणि सांध्यावर वाघीण सोडता येत नाही. चारच ठेवा. खाली सगळी मापं डाव्या भिंतीपासून सेंटीमीटरमध्ये देतो.

० ते ११५: स्टेजिंग. गाडी इथून येते, इथेच परत जाते. जीपी७ एचओमध्ये साधारण २० सेंमी, चाळीस फुटी बॉक्सकार कपलरसकट १५, कबूस १३. इंजिन, पाच वाघिणी आणि कबूस मिळून १०८, म्हणजे ११५ मध्ये बसते. पडद्याआड सुटी कॅसेट (रुळासकट उचलता येणारी फळी) ठेवलीत तर दुसरी गाडी फडताळात तयार ठेवता येईल.

११५ ते १३८: सांधा अ. इथून साइडिंग, म्हणजे मेनला समांतर रूळ, पुढच्या बाजूला, तुमच्याकडे, फुटते.
२४३ ते २६६: सांधा ब. साइडिंग परत मेन लाइनला मिळते.
२६६ ते २८९: सांधा क. मेनच्या मागच्या बाजूने डावीकडे जाणारा एलेव्हेटरचा रूळ.
२८९ ते ३१२: सांधा ड. पुढच्या बाजूने उजवीकडे जाणारा खताचा स्पर (टोकाला बंद असलेला रूळ).
मेन लाइन ३६० ला बंपरपाशी संपते.

अ आणि ब च्या मध्ये १०५ सेंमी दिसतात, पण दोन्ही टोकांना रूळ एकमेकांपासून पुरेसे लांब होईपर्यंत वाघीण उभी करता येत नाही. दोन रुळांच्या मध्यरेषांतलं अंतर ५ सेंमी धरलं तर प्रत्येक टोकाला सुमारे १२ सेंमी सोडावे लागतात. उरले ८०. म्हणजे पाच बॉक्सकार, त्याच्यावर एकही नाही. हीच तुमच्या गाडीची लांबी ठरवते. रनअराउंडमध्ये, म्हणजे इंजिनाला गाडीला वळसा घालता येतो त्या अ-ब च्या भागात, मावत नाही ती गाडी या गावात आणायचीच नाही.

दुसरं महत्त्वाचं माप उजवीकडचं. सांधा क च्या टोकापासून बंपरपर्यंत ७१ सेंमी. इंजिन २० आणि तीन वाघिणी ४५, एकूण ६५. एलेव्हेटरमधून एका खेपेला तीनच वाघिणी ओढता येतील. हे कमी वाटेल, पण शंटिंगची सगळी मजा या तीनच्या मर्यादेत आहे. ती मर्यादा हलवायला जाऊ नका.

नंबर ६ चे सांधे घेतले तर प्रत्येकी ३० सेंमी लागतात, चारांचे मिळून जवळजवळ ३० सेंमी जादा. तेवढी जागा साइडिंगमधून नाहीतर उजव्या टोकातून कापावी लागेल. चार ॲक्सलचं इंजिन आणि चाळीस-पन्नास फुटी वाघिणी यांना नंबर ४ पुरतो, शिवाय ॲटलसचा नंबर ४ प्रत्यक्षात साडेचारचा आहे. सहा ॲक्सलचं एसडी४० किंवा ८५ फुटी प्रवासी डबे आणायचे असते तर नंबर ६ शिवाय बोललो नसतो. वळणं लागलीच तर ६० सेंमी त्रिज्येच्या खाली जाऊ नका.

टीम ट्रॅक आणि डेपो विसरा. वखार वेगळ्या सांध्यावर नको, एलेव्हेटरच्या रुळाच्या डाव्या टोकाला एक जागा तिला द्या. मग वखारीची वाघीण काढायची तर आधी एलेव्हेटरच्या वाघिणी बाहेर काढाव्या लागतात आणि नंतर होत्या तिथे परत ठेवाव्या लागतात. सांधा न वाढवता काम दुप्पट.

---

आयोवाकर

वरच्या आराखड्याला पूर्ण पाठिंबा. एलेव्हेटरबद्दल एक भर घालतो, कारण लेआउटवर सर्रास चुकणारी गोष्ट हीच आहे.

गावच्या एलेव्हेटरला धान्य सोडायचं नळकांडं बहुधा एकच असतं. वाघीण त्याच्याखाली येते, भरते, पुढे सरकते, मागची तिच्या जागी येते. तीन वाघिणी भरायच्या तर सुरुवातीला दोन नळकांड्याच्या एका बाजूला उभ्या असतात आणि शेवटी दोन दुसऱ्या बाजूला. म्हणजे तीन वाघिणींसाठी पाच वाघिणींची लांबी, ७५ सेंमी. एलेव्हेटर रुळाच्या टोकाला चिकटवून ठेवला की पहिलीच वाघीण भरून झाल्यावर सरकायला जागा नसते. सांधेवाल्यांच्या मापांत ही लांबी साधारण २५४ पासून डावीकडे १७९ पर्यंत येते, नळकांडं मधोमध म्हणजे २१६ च्या आसपास. त्याच्या डावीकडे वखार.

१९७५ मध्ये शंभर टनी कव्हर्ड हॉपर भरपूर होते, मग चाळीस फुटी बॉक्सकारमधून धान्य का? कारण रूळ. भरलेला शंभर टनी हॉपर २,६३,००० पौंड म्हणजे जवळपास ११९ टन भरतो. आयोवातल्या कितीतरी शाखांचे रूळ आणि पूल हलके होते, तिथे हा हॉपर पूर्ण भरून नेता येत नसे. पन्नास टनी बॉक्सकार भरून ८० टनांच्या आसपास. म्हणून अशा शाखांवर या जुन्या वाघिणी सत्तरच्या दशकातही सुगीला बाहेर निघत. तुमच्या भिंतीला आखूड वाघिणीच सोयीच्या आहेत, आणि इतिहासही त्याच बाजूने आहे.

धान्यासाठी सहा फुटी दरवाजाच्या बॉक्सकार घ्या. दार उघडं ठेवून चौकटीवर आतून ग्रेन डोअर ठोकत, पूर्वी फळ्यांचं, नंतर जाड कागदाचं. वर थोडी फट सोडत, तिथून नळी आत जाई. मॉडेलमध्ये खाकी कागदाची पट्टी दारामागे चिकटवली, वरचे ५-६ मिमी मोकळे ठेवले, की वाघीण भरायला लागली हे लांबून कळतं.

सालाबाबत थोडी शिस्त पाळा. कॉनरेल ही रेल्वे कंपनी १ एप्रिल १९७६ ला सुरू झाली, त्यामुळे कॉनरेलची वाघीण तुमच्या गावात येऊच शकत नाही. पेन सेंट्रल चालेल. बर्लिंग्टन नॉर्दर्न १९७० पासून आहे. रॉक आयलंडचा फिकट निळा रंग १९७५ मध्ये नवा कोरा, एखादीच वाघीण ठेवा. चाकांच्या तपासणीचा पिवळा ठिपका १९७८ चा, तो छापलेला असेल तर काळ्या रंगाने झाका. वाघीण ओळखायचं रंगीत पट्ट्यांचं एसीआय लेबल मात्र हवंच, ते १९६७ ते १९७७ च्या काळातलं. छतावरची फळी १९६६ नंतर नव्या वाघिणींवर बंद झाली, जुन्यांवरची हळूहळू निघत होती, त्यामुळे १९७५ मध्ये फळीवाल्या आणि बिनफळीच्या दोन्ही शोभतात. इंजिनावर नॉर्थ वेस्टर्नच्या बोधचिन्हात ‘एम्प्लॉयी ओन्ड’ ही अक्षरं असू द्या. १९७२ मध्ये कंपनी कर्मचाऱ्यांनीच विकत घेतली होती.

सिमेंटचे सायलो विकत घ्यायची गरज नाही. शेतीच्या पाण्याचा ९० मिमी बाह्य व्यासाचा पीव्हीसी पाइप एचओमध्ये जवळपास २६ फुटांचा सायलो होतो. उभा अर्धा चिरून पाठीमागच्या फळीला चिकटवा: चार अर्धे सायलो मिळून ३६ सेंमी लांब, फक्त साडेचार सेंमी खोल. शंभर फूट उंची म्हणजे ३५ सेंमी. पाइपची चकाकी पॉलिश पेपरने घालवल्याशिवाय रंग धरत नाही. कापलेल्या मक्याचे खुंट काथ्याच्या पायपुसण्यापासून झकास होतात.

जाता जाता: ही रेल्वे दुहेरी मार्गावर डाव्या बाजूने गाड्या चालवायची, आपल्यासारखी. अमेरिकेत हे विरळाच. तुमची एकेरी शाखा असल्याने उपयोग शून्य, पण माहीत असावं.

---

तांब्याची तार

वायरिंगचं बोलतो.

फळीखाली पूर्ण लांबीभर दोन बस वायर, म्हणजे मुख्य वायरी, टाका, २.५ चौरस मिमी, घरच्या वायरिंगची बहुतारी. एवढ्या लेआउटला १.५ सुद्धा चालेल, पण किमतीत फार फरक नाही. एक लाल, एक काळी. लाल कायम मागच्या रुळाला, काळी पुढच्या. हा नियम एकदाही मोडायचा नाही. फीडर ०.५ चौरस मिमी, लांबी ३० सेंमीच्या आत, प्रत्येक फ्लेक्स ट्रॅकच्या (वाकवता येणाऱ्या रुळाच्या) तुकड्याला स्वतःची जोडी. जोडपट्टीवर, म्हणजे रेल जॉइनरवर, वीज वाहण्यासाठी विसंबू नका. पहिले काही महिने ती व्यवस्थित वाहते, मग रंग आणि खडीचा गोंद आत शिरतो आणि नेमकं एलेव्हेटरसमोर इंजिन थबकतं.

सोल्डरिंगला रोझिन फ्लक्सच. ॲसिड असलेली पेस्ट वापरलीत तर पावसाळ्यात सोल्डरचे जोड हिरवे पडतील. सोल्डरिंग आयर्न गरम, टोक स्वच्छ, दोन-तीन सेकंदांत काम उरकायचं, नाहीतर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळून गेज बिघडतो.

फ्रॉगला, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला, वीज द्याच. ॲटलसच्या सांध्याचा फ्रॉग धातूचा पण सुटा असतो, त्यावर सोल्डर नीट बसत नाही; बाजूच्या भोकात बारीक स्क्रू घालून वायर धरा. पेको कंपनीचा इलेक्ट्रोफ्रॉग प्रकारचा सांधा घेतला तर फ्रॉगच्या पुढच्या दोन्ही आतल्या रुळांना इन्सुलेटेड जॉइनर हवेत. ते विसरलात तर रनअराउंडसारख्या दोन्ही टोकांनी जुळणाऱ्या रुळावर सांधा पलटताच शॉर्ट होणार. पेकोच्याच युनिफ्रॉग प्रकाराला ती भानगड नाही.

सांधा पलटायला मोटर नको. डबल पोल स्लाइड स्विच फळीखाली लावा, त्याच्या खुंटीला भोक पाडून ०.८ मिमी स्प्रिंगची तार थ्रोबारमधून (सांध्याच्या हलत्या आडव्या पट्टीतून) वर काढा. स्विच सरकवला की सांधा फिरतो, तिथेच धरून राहतो आणि त्याच्याच एका पोलवरून फ्रॉगची वीज बदलते. मधला पाय फ्रॉगला, कडेचे दोन बसच्या दोन वायरींना. पलटल्यावर शॉर्ट झालाच तर कडेच्या वायरी आपसांत बदला. पेकोच्या सांध्यात स्प्रिंग असते. हा स्विच लावायचा तर ती काढावी लागते, नाहीतर दोघांची ओढाताण होते.

कमांड स्टेशनला, म्हणजे डीसीसीचे हुकूम रुळात सोडणाऱ्या यंत्राला, दोन वाटा. तयार संच घेतलात तर सोबतचा ॲडॉप्टर बघा: त्यावर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं नसेल तर तो अमेरिकेच्या १२० व्होल्टचा आहे, आपल्या प्लगला लावताच जळेल. त्याच व्होल्टेजचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा ॲडॉप्टर इथे घ्या. दुसरी वाट डीसीसी-ईएक्स, म्हणजे घरी जुळवायचं स्टेशन. आर्डुइनो मेगा, मोटर शील्ड आणि वायफाय एवढ्यात काम होतं, आणि थ्रॉटल म्हणून अँड्रॉइड फोनवर इंजिन ड्रायव्हर हे ॲप. रुळासाठी १४-१५ व्होल्टचा पुरवठा शील्डला, आर्डुइनोला वेगळा ७-९ व्होल्टचा. शील्डच्या खालच्या बाजूला व्हिन कनेक्टची पट्टी कापायला विसरू नका; ती राहिली तर रुळाचा पुरवठा थेट आर्डुइनोत जातो.

सगळं झाल्यावर नाण्याची चाचणी. पाच रुपयांचं नाणं दोन रुळांवर आडवं ठेवायचं, दर ३० सेंमीवर, सांध्यांवर आणि प्रत्येक स्परच्या टोकाला. दर वेळी स्टेशनने लगेच वीज तोडली पाहिजे. एखाद्या ठिकाणी तोडली नाही तर तिथला फीडर कच्चा आहे, आणि खऱ्या घसरणीच्या वेळी तिथे चाकं आणि डिकोडर (इंजिनातला हुकूम वाचणारा भाग) तापतील. खडी या चाचणीनंतरच टाका.

---

फलाट क्र. ३

सर्वांचे आभार. नऊचे चार सांधे झाले, आराखडा पुसून पुन्हा काढला. आणखी तीन शंका.

एक, फळी कुठली? ठाण्याचा पावसाळा धरून सांगा. दोन, जमिनीवर तात्पुरते रूळ मांडून पाहिलं तर दोन बॉक्सकार सांध्यावर नेहमी त्याच जागी घसरतात, बाकीच्या नाही. सांधा खराब की वाघीण? तीन, खताचा स्पर समोरच्या दिशेने फुटतो. इंजिन पुढे असताना वाघीण आत कशी घालायची, ते टप्प्याटप्प्याने सांगाल का?

---

खडीवाला

फळी: १२ मिमी मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्का बघून. साधा एमआर प्लाय कोकणपट्टीत दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो. खालची चौकटही त्याच प्लायच्या ७५ मिमी पट्ट्यांची करा, दर ४० सेंमीला एक आडवी. कच्चं लाकूड हवेबरोबर फुगतं-आकसतं आणि रूळ वाकवतं. दोन्ही बाजू आणि विशेषतः कापलेल्या कडा प्रायमरने बंद करा. रूळ स्वतः मात्र गरमीनेच वाढतो: तीन मीटरला १५ अंशांच्या फरकाने पाऊण मिलिमीटरच्या आसपास. जोडांमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या फटी सोडा. उन्हाळ्यात रूळ टाकत असाल तर जास्त लागणार नाहीत, थंडीत टाकत असाल तर नक्की सोडा. मेनखाली ५ मिमी कॉर्क, साइडिंगखाली ३ मिमी, म्हणजे खऱ्यासारखी साइडिंग जरा खाली दिसते. एलेव्हेटरचा रूळ पाणपातळीने तपासा. धातूची चाकं इतकी हलकी फिरतात की किंचित उतार असला तरी सोडलेली वाघीण आपोआप निघते. नळकांड्याजवळ टूथब्रशचा एक नायलॉन केस रुळांच्या मध्ये उभा चिकटवला तर तो ॲक्सलला घासून वाघीण धरतो आणि इंजिनाला त्रास होत नाही.

घसरणं: दोनच वाघिणी घसरतात तर दोष वाघिणींचा. या क्रमाने बघा.

चाकांमधलं अंतर, एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या गेजपट्टीने. ॲक्सलवरचं एक चाक अर्धा मिलिमीटर जरी आत सरकलं असेल तरी ते गार्ड रेलवर चढतं आणि फ्रॉगवर उतरतं. दर वेळी एकाच जागी घसरण्याचं हे पहिलं कारण. धातूच्या ॲक्सलवर चाक हलकं पिळून सरकवता येतं.

मग वजन. एनएमआरएची शिफारस एचओसाठी १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. साडेपाच इंची बॉक्सकारला पावणेचार औंस, म्हणजे १०६ ग्रॅम. साडेसात इंची हॉपरला १३५. डब्यातून निघालेल्या स्वस्त वाघिणी ७०-८० ग्रॅमच्या सापडतात, ढकलताना त्याच सांध्यावर उचलल्या जातात. वजन तळाशी आणि मधोमध घाला. रुळाखाली चुंबकाने कपलर सोडायचे असतील तर लोखंडी नट वापरू नका, चुंबक पूर्ण वाघीणच ओढतो.

त्यानंतर बोगी. एका टोकाचा स्क्रू इतका आवळा की बोगी फक्त आडवी फिरेल, डुलणार नाही. दुसरीचा अर्धा फेरा सैल, ती डुलली पाहिजे. दोन्ही आवळलेल्या असतील तर चार कोपऱ्यांपैकी एक चाक रुळावरून उचललं जातं. दोन्ही सैल असतील तर वाघीण झुलते.

शेवटी कपलर. वेगवेगळ्या कंपन्यांचे कपलर एकत्र ठेवू नका, सगळीकडे केडी कंपनीचे १४८ बसवा. त्यांना मधोमध आणणारी स्प्रिंग दांड्यालाच असते, बसवायला सोपे. उंची केडीच्या गेजने: रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंत ९.९ मिमी. गेज धातूचं असेल तर आधी वीज बंद, नाहीतर तोच शॉर्ट. कपलर खाली असेल तर बोगीच्या स्क्रूखाली बारीक फायबर वॉशर. खालची वाकडी तार फ्रॉगला अडकत असेल तर पक्कडीने वर वाकवा. आणि प्लॅस्टिकची चाकं काढून धातूची घालताना माप बघा: पन्नास आणि सत्तर टनी वाघिणींना ३३ इंची, म्हणजे ९.६ मिमी; शंभर टनी हॉपरला ३६ इंची, १०.५ मिमी. चुकून मोठी घातली तर वाघीण जवळपास अर्धा मिलिमीटर वर येते, आणि मग कपलर का सुटतात याचा शोध भलतीकडे सुरू होतो.

खडीला फेव्हिकॉल एक भाग, पाणी तीन भाग, भांड्याच्या साबणाचा थेंब. थ्रोबारच्या दोन्ही बाजूंना ३ सेंमी कोरडं ठेवा. शाखेच्या रुळाला स्वच्छ करडी खडी नको. माती, राख, गवत स्लीपरच्या माथ्यापर्यंत.

रूळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, महिन्यातून एकदा पुरे.

---

तांब्याची तार

@खडीवाला, बाकी सगळं मान्य, आयसोप्रोपाइलवर असहमत. सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स धुवायला ठीक. नेहमीच्या पुसण्याला टर्पेंटाइनसारखं पण तेल न सोडणारं मिनरल स्पिरिट बरं. अल्कोहोलने पुसलेल्या रुळावर काळा थर लवकर परत जमतो. पुसल्यावर रुळाच्या आतल्या कडेला ६बी ग्रॅफाइटची एकच रेघ ओढा. जास्त ओढलीत तर इंजिनाची चाकं घसरतील.

---

खडीवाला

ग्रॅफाइट मान्य. स्पिरिट वापरा पण खिडकी उघडी ठेवून, आणि रंगवलेल्या वाघिणी बाजूला काढून.

---

सांधेवाला

खताच्या स्परचं. धरून चला की स्परमध्ये रिकामा हॉपर उभा आहे आणि येणाऱ्या गाडीत भरलेला आहे. स्टेजिंगमध्ये गाडी लावतानाच भरलेला हॉपर इंजिनाच्या लगेच मागे ठेवा.

गाडी डावीकडून येते, मेनवर अ आणि ब च्या मध्ये थांबते. पहिल्या हॉपरच्या मागे कपलर सोडा. इंजिन हॉपर घेऊन उजवीकडे ब च्या पलीकडे जातं, ब पलटतो, हॉपर मागे ढकलून साइडिंगमध्ये सोडायचा. इंजिन परत मेनवर येऊन उरलेल्या गाडीला जोडतं आणि तिला डावीकडे स्टेजिंगमध्ये ढकलतं, इतकं आत की सांधा अ आणि पहिली वाघीण यांच्यात २५ सेंमी मोकळे राहतील. चार वाघिणी आणि कबूस मिळून ७३, स्टेजिंग ११५, त्यामुळे जागा आहे.

आता इंजिन एकटं मेनवरून उजवीकडे, ब आणि क ओलांडून, ड मधून स्परमध्ये. रिकाम्या हॉपरला जोडतं, डावीकडे ओढतं, मेनवर अ-ब च्या मध्ये सोडतं. स्वतः अ च्या डावीकडे जातं; मघाचे २५ सेंमी यासाठीच. अ पलटवून साइडिंगमध्ये शिरतं, आणि या वेळी ते भरलेल्या हॉपरच्या डाव्या बाजूला असतं. तिथून ढकलत ब, क, ड करून हॉपर गोदामासमोर.

हे काम एलेव्हेटरच्या आधी उरकायचं. उलट केलंत तर भरलेल्या बॉक्सकार साइडिंगमध्ये येऊन बसतात आणि इंजिनाला हॉपरच्या डावीकडे पोचायला वाट राहत नाही. निघतानाही इंजिन डाव्या टोकाला हवं, म्हणून मेन आणि साइडिंग यांपैकी एक रूळ शेवटी पूर्ण मोकळा राहील असा हिशेब पहिल्यापासून ठेवा.

वाघीण कुठे जायची ते कार कार्ड आणि वेबिलने (काय माल, कुठे न्यायचा याची चिठ्ठी) ठरवा. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड: कंपनी, नंबर, प्रकार, खाली खिसा. खिशात चार बाजूंचं वेबिल, दर सत्राला एक बाजू पुढे. बॉक्सकारसाठी पहिली बाजू: रिकामी, एलेव्हेटर. दुसरी: मका भरून क्लिंटनच्या कॉर्न प्रक्रिया कारखान्याला. तिसरी: रिकामी, वखारीला नाही, परत एलेव्हेटर. चौथी: ओट्स भरून सिडर रॅपिड्सला क्वेकर ओट्सकडे. क्लिंटन आणि सिडर रॅपिड्स दोन्ही म्हणजे तुमचं स्टेजिंगच. दहा-बारा वाघिणी पुरतात, एका वेळी गावात सहा-सातहून जास्त नकोत. सगळ्याच वाघिणी प्रत्येक वेळी हलवू नका. एलेव्हेटरवर अर्धी भरलेली वाघीण असेल तर ती बाहेर काढून त्याच जागी परत लावायची. कार्डावर ‘भरणं चालू’ अशी चिठ्ठी ठेवली की झालं.

वेग. ताशी १० मैल म्हणजे एचओमध्ये सेकंदाला ५ सेंमी. ढकलताना निम्मा, म्हणजे साइडिंगचे ८० सेंमी कापायला अर्धा मिनिट. डिकोडरमध्ये सीव्ही २ (सीव्ही म्हणजे क्रमांक दिलेली सेटिंग) एवढा ठेवा की पहिल्या पायरीला इंजिन जेमतेम हललं पाहिजे. सीव्ही ५ ने वरचा वेग कापा. सीव्ही ३ आणि ४ ने वेग घेणं आणि सोडणं सावकाश करा, पण सीव्ही ४ फार वाढवला तर नेमक्या जागी थांबता येत नाही. आधी कमी ठेवून वाढवत जा. सीव्ही २९ ला ३४ दिलं की चार आकडी पत्ता चालू आणि साध्या डीसीवर पळणं बंद. त्यामुळे शॉर्टनंतर इंजिन अचानक धावत सुटत नाही.

कपलर सोडायला बांबूची टोकदार काडी. जोडल्यावर हवेच्या नळ्या लावायला म्हणून पंधरा-वीस सेकंद थांबा, सांध्याचं कुलूप काढायला तेवढेच. या हिशेबाने वर लिहिलेला फक्त खताचा भाग पंधरा मिनिटं घेतो, एलेव्हेटर आणि वखारीसकट पाऊण ते एक तास.

---

फलाट क्र. ३

जमिनीवर मांडून पाहिलं, हॉपरची हालचाल बरोबर जमते. घसरणाऱ्या दोन्ही बॉक्सकारची चाकं गेजमध्ये आत सरकलेली निघाली, वजन ७८ आणि ८१ ग्रॅम.

एक राहिलं: एलेव्हेटरचा रूळ कोड ७० चा करू का? हलका दिसेल.

---

आयोवाकर

दिसेल. कोड ८३ म्हणजे साधारण १३२ पौंडी रूळ, कोड ७० जवळपास १०० पौंडी. शाखेला दुसराच शोभतो. पण जोडाला खास जॉइनर किंवा खाली पत्र्याची पट्टी लागते, आणि माथे नखाला जाणवणार नाहीत इतके समपातळीत हवेत. तो जोड सांधा क पासून निदान १० सेंमी दूर, सरळ भागात घ्या. तेवढी कटकट नको असेल तर सगळीकडे कोड ८३ ठेवून त्या रुळाच्या बाजू गडद तपकिरी रंगवा आणि माती माथ्याजवळ आणा. ४५ सेंमीवरून कोणी गेजपट्टी लावून बघत नाही.